ढगाळ दिवसांतली कळी

परंदवडीच्या गुलाबाच्या पॉलिहाउसमधली मुक्ताबाईंची अठरा वर्षांची नोकरी संपत आली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मावशी, जाण्याआधी तुमचं सगळं कसब तुमच्या जागी येणाऱ्या या अनिताला शिकवा."

मुक्ताबाईंनी महिनाभर शिकवलं. कात्री कुठं लावायची, काटे कसे काढायचे, सगळं. फक्त ढगाळ दिवसांतल्या कळीचं त्या मुद्दामच बोलल्या नाहीत. लेक लांब दिलेली, घरात बोलायला कुणी नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी पोरगी फोन करत राहील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. नोकरी सुटल्यावर तीन आठवडे फोन वाजला नाही. आभाळ भरून आलं की त्या तो मांडीवर घेऊन बसायच्या.

चौथ्या आठवड्यात वाजला.

"मावशी, कळ्या बाजारात पोचायच्या आत माना टाकतायत. साहेब म्हणतात, पुन्हा असं झालं तर येऊच नको." मागं तिचं बाळ रडत होतं.

"आत्ता आठवली व्हय गं मावशी?"

थोडं आज, थोडं उद्या सांगायचं, असं मुक्ताबाईंनी ठरवलं होतं. पण अनिताचा आवाज कापत होता, आणि तो आपल्यामुळंच, हे त्यांना कळत होतं.

"ढगाळ हवंत लय घट्ट कळी कापायची न्हाई. भायेरच्या दोन पाकळ्या सैल होऊंदे, मंग काप."

"एवढंच?"

"एवढंच. बाळ का रडतंय गं?"

तोवर अनितानं घाईघाईत "थँक्यू मावशी" म्हणून फोन ठेवलाही होता. मुक्ताबाई तो कानाला लावूनच बसल्या. आता तिच्याकडं मावशीला विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.