शस्त्रवैद्याचा जाडजूड ग्रंथ आणि एक तळटीप

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. किती जुना, ते माझ्या पाठीवरच्या चामड्याला विचारा. हात लावला की ते बिचारं भुकटी होऊन बोटाला लागतं. माझी पानं सातशे बारा. चित्रं त्रेसष्ट होती, आता बासष्ट आहेत. एका शस्त्रवैद्यांनी पस्तीस वर्षांत जे जे लिहिलं, ते सगळं माझ्या पोटात आहे. आज तुम्ही ज्यांना सर्जन म्हणता, त्यांना तेव्हा शस्त्रवैद्य म्हणत. रोग्याला गुंगी देण्याचं औषध तेव्हा निघालं नव्हतं. त्यामुळे ज्याचा हात भराभर चालतो तो शस्त्रवैद्य चांगला, असं लोक धरून चालत.

माझ्या शस्त्रवैद्यांचा हात भराभर चालायचाच, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. आत काय आहे हे ठाऊक नसताना घाई करणारा माणूस शूर नसतो, आंधळा असतो, असं ते म्हणत. म्हणून रोज सकाळी वैद्यकीय विद्यालयाच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभे राहून ते बेवारस देहांचं विच्छेदन करत आणि दिसेल ते लिहून ठेवत. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ मात्र त्या माणसाबद्दल असे. ‘बाई, साठीच्या आसपास, बोटांना घट्टे, बहुधा शिवणकाम करणारी.’ ‘पुरुष, उजवा खांदा डाव्याहून रुंद, ओझी वाहणारा असावा.’ नाव ठाऊक नसलं, तरी त्यांनी कोणाला नुसता देह म्हटलं नाही.

त्यांचं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून पळत सुटावं तसं. कागदाचंही त्यांना काही सोयरसुतक नसे. पत्रांच्या पाठी, औषधांचे पुडे, कपड्यांच्या याद्या, जे हाताला लागेल त्यावर ते लिहीत. चित्र काढणं तर त्यांना मुळीच जमत नसे. त्यांनी काढलेला गुडघा पाहून त्यांची मुलगी एकदा म्हणाली होती की हा भोपळा छान आलाय. त्या दिवसापासून चित्रं तिच्याकडे आली. ती सोळा वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती खोलीतून तीनदा बाहेर जाऊन आली, चौथ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसली ती बसलीच.

शस्त्रवैद्य वारले, तेव्हा मी ग्रंथ नव्हतोच. चौदा गठ्ठे होतो, जखमेच्या पट्ट्यांनी बांधलेले. मुलीने ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि दोन वर्षं त्या घरातली माणसं स्वयंपाकघरात उभ्याने जेवली. ती एकेक चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचायची आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. तिची आई कुरकुरायची की नवरा गेला तरी त्याचा पसारा काही गेला नाही. आणि दुपारी डोळ्यांना चष्मा लावून तीच गठ्ठे लावायला बसायची.

अडचण आली ती नवव्या गठ्ठ्याशी. त्यावर शस्त्रवैद्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या चुका’. आपल्या हातून दगावलेल्या तेवीस माणसांच्या नोंदी त्यात होत्या.

त्यांचे एक शिष्य होते. रुग्णालयात सगळे त्यांना धाकटे वैद्य म्हणत. लहानपणापासून ते याच घरात शिकले होते, त्यामुळे मुलगी त्यांना दादा म्हणे. विद्यालयाच्या प्रमुखपदी आता त्यांचीच नेमणूक होणार, असं जो तो म्हणत होता. नवव्या गठ्ठ्याबद्दल कळताच ते घरी आले आणि तो वगळावा म्हणून आग्रह धरून बसले. सरांना आयुष्यभर चांगलं म्हणणारे लोकच उद्या त्यांना खुनी म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मुलीने वाद घातला नाही. तिने गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

“दादा, आधी वाचा. मग वगळा म्हणालात तर विचार करीन.”

ते वाचू लागले. ती समोर बसून पेन्सिलींना टोक करत होती. अकराव्या नोंदीवर ते थांबले. मला चांगलं आठवतं, कारण त्यांनी त्या ओळींवर अंगठा ठेवला आणि पान काही उलटलं नाही. ती नोंद अशी होती: ‘गवंडी, वय चौतीस. गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ. गळू समजून चीर दिली. गळू नव्हतं, धमनी फुगली होती. रक्त थांबलं नाही. चूक माझी.’

मग ते म्हणाले, “ताई, चीर दिली तेव्हा सर तिथे नव्हते. सुरी माझ्या हातात होती.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आरडाओरडा ऐकून सर धावत आले होते, दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी ती धमनी दाबून धरली होती, पण उशीर झाला होता. गवंड्याच्या बायकोला जाऊन सांगण्याचं कामही सरांनीच केलं होतं, आणि तेही चूक स्वतःवर घेऊन. शिष्याला ते एवढंच म्हणाले होते, “तुला अजून चाळीस वर्षं काम करायचंय.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, “बाबांचा एकही शब्द मी बदलणार नाही.”

“बदलू नका,” धाकटे वैद्य म्हणाले. “खाली थोडी जागा सोडा.”

मित्रांनो, माझ्या तीनशे अठराव्या पानावर एक तळटीप आहे ती अशी आली. ‘या नोंदीत माझ्या गुरूंनी चूक स्वतःची म्हटली आहे. सुरी माझ्या हातात होती. गाठीवर तळहात ठेवला असता, तर ती नाडीसारखी उडताना मला कळली असती. मी ठेवला नाही. वाचणाऱ्याने ठेवावा.’ खाली त्यांची सही आहे.

मग मी छापखान्यात गेलो. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवणारे काका माझ्यातले अवघड शब्द पुटपुटत जुळवायचे आणि घरी गेल्यावर बायकोला तिच्या हाडांची नावं सांगून वैताग द्यायचे. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. बांधणीवाल्याने मला शिवलं, खळ लावली, दाबयंत्रात तीन दिवस ठेवलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरं होती आणि मी चांगला ताठ होतो, नवरदेवासारखा!

धाकट्या वैद्यांना प्रमुखपद मिळालं नाही. त्या तळटीपेचा बोभाटा झाला आणि काही रोगी दुसऱ्या दारी गेले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. पण पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गात बसायला जागा उरेना. मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकू लागली. जो आपली चूक छापून देतो, तो आपल्याला खोटं शिकवणार नाही, हे मुलांना बरोबर कळलं होतं.

मी विद्यालयाच्या वाचनालयातल्या मोठ्या टेबलावर राहायचो. काय दिवस होते ते! परीक्षा जवळ आली की माझ्यासाठी ओढाताण व्हायची. कोणी माझ्यावर चहा सांडला, कोणी पुसला, कोणी माझ्यावर डोकं ठेवून झोपला. एकदा एक विद्यार्थी पावसाने ओला होऊन आला. त्याने तीनशे अठरावं पान उघडलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘आज तळहात ठेवला. उडत होती. बाई घरी गेली.’ मी कागदाचा आहे, पण त्या दिवशी माझ्याही आत काहीतरी उडाल्यासारखं झालं. पुढे त्या समासात इतरांनीही लिहिलं. पुस्तकात लिहू नये, हे मला मान्य आहे. पण त्या ओळी मी कोणाला खोडू देणार नाही.

मग नवी पुस्तकं आली. त्यांच्यात रंगीत चित्रं होती आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त ज्ञान होतं, हे मी खुल्या मनाने सांगतो. मी टेबलावरून फळीवर गेलो, फळीवरून वरच्या फळीवर, आणि तिथून जिन्याखालच्या खोलीत. तिथे मला खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्यात अडकवत. कसर माझ्या कडा खाऊ लागली. एकदा एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने दाराकडे पाठ करून पात्याने माझं एक चित्र कापून नेलं. घरात चौकटीत लावायचं असेल. मित्रांनो, जन्मभर मी शस्त्रांबद्दल सांगत आलो, पण अंगावर शस्त्र फिरण्याची ती पहिलीच वेळ. त्या फाटक्या कडेला अजून कोणाचं बोट लागलं की मला कळतं.

शेवटी रद्दीच्या यादीत माझा क्रमांक लागला. यादी तपासायला नव्या ग्रंथपालबाई खाली आल्या. त्यांनी शिक्का बघायला मला उघडलं आणि मी नेमका जिथे नेहमी उघडतो, तिथेच, तीनशे अठराव्या पानावर उघडलो. त्या पायरीवर बसल्या. समासातली निरनिराळी हस्ताक्षरं त्यांनी मोजली. एक्केचाळीस भरली. जेवणाची सुट्टी संपली तरी त्या उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा त्यांनी यादीतल्या माझ्या ओळीवर काट मारली आणि मला छातीशी धरून वर नेलं. साडीला धूळ लागली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

आता माझी शिवण नवी आहे. कडांना पातळ कागदाची ठिगळं आहेत. मी काचेच्या पेटीत असतो. लोक येतात, वाकून बघतात, ‘बाप रे, केवढं जाड’ म्हणतात आणि जातात. तक्रार नाही, पण पुस्तकाला नुसतं बघणं म्हणजे भुकेल्याला ताट दाखवण्यासारखं आहे. मुलांनो, आम्हाला जपा. आमची पानं मुडपू नका, चित्रं कापू नका, ओलीत ठेवू नका. पण जपण्याच्या नावाखाली आम्हाला बंदही करू नका. आम्ही जुने असू, काही बाबतीत चुकलेलेही असू, तरी आमच्यात कोणीतरी खरं बोललेलं असतं.

गेल्या आठवड्यात एका शाळेची मुलं आली होती. सगळी पुढे गेली, पण एक मुलगी मागे राहिली. तिने काचेला नाक लावलं, मग ग्रंथपालबाईंकडे वळून विचारलं की याला हात लावता येतो का.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कनवटीची किल्ली काढून पेटीला लावत त्या म्हणाल्या, “हात धुऊन ये. आणि नीट पूस.”

मुलगी धावत सुटली.