भात्याचा कॅमेरा

पद्माकररावांनी कोटाच्या आतून कॅमेरा काढला आणि त्याचं झाकण अगदी सावकाश उघडलं. चामड्याचा भाता कुरकुरला, पण चिरला नाही.

“एवढं हळू का, बाबा?” यशोधनने विचारलं. जावई जर्मनीत, ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. सत्तर वर्षांचा हा कॅमेरा त्याने जुन्या बाजारातून हौसेने आणला होता आणि पुढचं सगळं सासऱ्यांवर सोपवलं होतं.

“थंडीत भाता कडक होतो. घाई केली की घडीवर तडकतो. फिल्मसुद्धा हलक्या हाताने फिरवायची, नाहीतर तुटते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” यशोधन दात वाजवत म्हणाला.

उणे एकोणीस. चेक सरहद्दीजवळच्या त्या डोंगरावर श्वास मिशीवरच गोठत होता. पद्माकरराव मात्र लेकीकडे आल्यापासून महिन्याभरात पहिल्यांदाच खुशीत होते, आणि कारण जरा लबाडीचं होतं. इथे सगळ्यांचेच हात थरथरत होते.

त्यांचे तर वर्षभर थरथरत होते. सांगलीतला स्टुडिओ आता पासपोर्टच्या फोटोंवर चालायचा, पण रोज उघडायचा. लेकीला, ईप्सिताला हे कळलं तर ती त्यांचं परतीचं तिकीट रद्द करणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणून महिनाभर पेपर टेबलावर ठेवून वाचायचा आणि एरवी हात खिशात. लेक चहा अर्धाच कप देते, परदेशात राहून हात आखडला पोरीचा, ही कुरकुरही त्यांनी मनातच ठेवली होती.

सकाळी रिकामा कॅमेरा तासभर बाल्कनीत ठेवून त्यांनी शटर कानाशी धरून ऐकलं होतं. जुनं तेल घट्ट होऊन शटरचे सावकाश वेग रेंगाळत होते. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा वेग तेवढा ठीक होता. आता त्यांनी कॅमेरा कुंपणाच्या खांबावर टेकवला, काच धुरकटू नये म्हणून श्वास रोखला आणि बर्फात उभ्या असलेल्या लेक-जावयाला टिपलं.

“हात पार गेले माझे!” यशोधन ओरडला.

“सगळ्यांचेच,” पद्माकरराव ऐटीत म्हणाले.

घराच्या दारातच त्यांनी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. “दोन तास उघडायची नाही. एकदम उबेत आणला की आत पाणी धरतं.”

खोली चांगलीच गरम होती. ईप्सिताने चहा आणून ठेवला. यशोधनचा कप काठोकाठ भरलेला, त्यांचा अर्धा. पद्माकरराव दोन्ही कपांकडे पाहत राहिले. पहिल्याच दिवसापासून अर्धा. त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता, आणि ईप्सिता मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती.

“तिकीट वीस तारखेचंच ठेवलंय, बाबा,” ती तिकडेच पाहत म्हणाली. “स्टुडिओ फार दिवस बंद नको.”

पद्माकररावांनी कप एका हाताने उचलला. थोडा हिंदकळला, पण सांडला नाही. सावकाश संपवून त्यांनी तो लेकीपुढे धरला.

“अजून अर्धा दे.”