चंद्री अडली

सारजाबाईच्या हाताखालून धाराशिवकडच्या वाशीच्या आसपासच्या निम्म्या शेळ्या व्याल्या होत्या. करडू आडवं येवो की पायाळू, बाई हात घालून सरळ करायची, बाहेर ओढायची, नाकातोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकायची. सून वैष्णवी आली तेव्हा मोठ्या कौतुकानं तिनं हे सगळं तिलाही शिकवलं, आणि तेच नडलं. गेल्या वर्षी कळपातल्या शेळ्यांनी ओळीनं गाभ टाकला. दोघींनीच तो उपसला, आणि मग दोघींनाही ताप धरला. सारजाबाईची बोटं सुजून आखडली ती आखडलीच. वैष्णवीचं बाळ पोटातच गेलं. हा ताप शेळ्यांचाच, त्यांच्या रक्तापाण्यातून आलेला, असं धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं म्हातारीला झालं.

आता वैष्णवीला पुन्हा दिवस गेले होते, आणि चंद्री अडली होती. वैष्णवीनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी ती. सारजाबाईचा मुलगा सोमेश जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेला, त्याचा अजून पत्ता नव्हता. शेजारच्या नागूबाईला हाक मारावी, तर तापाच्या धास्तीनं ती उंबरा ओलांडेना.

"आत्या, म्या करते. हातमोजे हायत की," वैष्णवी सासूला म्हणाली.

"शेळीला हात लावशील तर माझं मेल्याचं त्वांड बघशील!" सारजाबाईनं तिला घरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

हातमोजे तिच्या सुजल्या बोटांत शिरले नाहीत. तिनं तसाच हात घातला. करडाचा पाय लागायचा, पण बोटं मिटायची नाहीत. पाय निसटून जायचा. चंद्री ओरडायची, आतून वैष्णवी दार बडवायची.

"आत्या, दोन्ही पाय धरा! वडा!"

कशानं ओढणार! म्हातारीनं डॉक्टरला, सोमेशला, स्वतःच्या बोटांना शिव्या घातल्या. अणदूरच्या खंडोबालाही सोडलं नाही. हळूहळू चंद्रीचा आवाज बसला, आणि मग थांबला.

बऱ्याच वेळानं सारजाबाईनं कोपरानं कडी सरकवली. वैष्णवी तावातावानं बाहेर आली. चंद्रीकडं पाहिलं, मग ढसाढसा रडणाऱ्या सासूकडं पाहिलं, आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. सासूचे हात हातात घ्यायला ती पुढं वाकली.

"हात नगं लावू मला!"

रक्तानं भरलेले हात पाठीमागं लपवत म्हातारी भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकत गेली. डोळे वाहत होते, आणि ते पुसायलाही कुणाचा हात नव्हता.