चाळीस शेतकऱ्यांची मार्गदर्शक

जळगावचे कुंदन सर विद्यापीठाचे अर्ज चमकवून देतात. आईसोबत पापड लाटते असं सांगितलं, तर त्यांनी ‘ग्रामीण महिला उद्योगाचा अनुभव’ लिहिलं. घरच्या केळीला ठिबक करा म्हणून मी वडिलांच्या, आबांच्या मागे लागले होते, त्याचं ‘चाळीस शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाचं प्रशिक्षण’ झालं.

“सर, चाळीस?”

“पन्नास खोटं वाटतं, नूतन.”

त्या अर्जावर पुण्याच्या एका विद्यापीठाने पाणी व्यवस्थापनाच्या एमएस्सीसाठी मुलाखत ठेवली, लॅपटॉपवर. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात रेंज नाही, म्हणून मी आणि आबा जळगावला मामाकडे आलो.

समोर तीन चेहरे. मधल्या मॅडमनी चष्मा काढला. “या चाळिसांपैकी एखाद्याशी आत्ता बोलता येईल?”

मी ठिबक सांगितलेला तसा एकच शेतकरी, तो आत जेवत होता. आणि परक्यांपुढे पोटच्या लेकराचं कौतुक केलं की दृष्ट लागते, यावर आबांची श्रद्धा. बारावीला मला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले तेव्हा ते गावभर “कशीबशी सुटली” म्हणत फिरले. लोक घरी धीर द्यायला आले.

मी काही बोलायच्या आत मामाने आबांना खरकट्या हाताने खुर्चीत बसवलं.

“नूतनने तुम्हाला ठिबक शिकवलं?”

आबांनी छताकडे पाहिलं. “हिनं? हिले काहीच येत नही, मॅडम. पानी किती द्यायचं, मोटर कधी लावायची, नुसती कटकट. बापाशी भांडली. अर्ध्या वावरात तिचं ठिबक, अर्ध्यात मना पाट.”

“मग?”

“मंग काय. तिची केळी आधी कापनीले आली. नुसतं नशीब.”

“आणि बाकीचे एकोणचाळीस शेतकरी?”

आबा माझ्याकडे बघायला लागले. “कोन एकोणचाळीस?”

लॅपटॉप बंद करून लाइट गेली म्हणता आलं असतं, जळगावात ते सहज खपतं. बोट बटणावर नेलंही. पण आबा अजून माझ्याकडेच बघत होते.

“मॅडम, चाळीस नाहीत. हे एकटेच आहेत. आणि यांनीही अजून मान्य केलेलं नाही.”

तिघांनी माइक बंद केला. नुसते ओठ हलत होते. मी त्यावरून ‘पोलीस’ हा शब्द दोनदा वाचला.

माइक सुरू झाला. “उद्या संध्याकाळपर्यंत नवा अर्ज पाठवा. खरं घडलं तेवढंच लिहा. तो वाचून ठरवू.”

स्क्रीन काळी झाली.

“काय म्हने?” आबांनी विचारलं.

“वावरात घडलं ते सगळं खरं लिहून पाठवायचं.”

आबांचा चेहरा उतरला. आतापर्यंत या घरात मी एकटीच घाबरलेली होते.

“बठ्ठं?” ते हळूच म्हणाले. “मी तुन्या नळ्या उपटून म्हशी बांधल्या, ते बी?”