साडेनऊचा हिरवा दिवा

तिने नव्या फायरवॉलला प्रोसेसरचे आणखी दोन कोर दिले आणि ती पुन्हा सुरू केली. लोखंडी पेटी नव्हतीच ती. मोठ्या सर्व्हरच्या पोटात वसवलेलं नुसतं सॉफ्टवेअरचं यंत्र. जुनी पेटी आज सकाळी आठला बंद झाली होती. ऑफिसच्या नेटवर्कमधली सगळी ये-जा आता या नव्या उंबऱ्यावरून; कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे फायरवॉल ठरवणार. ती डोळ्यांत तेल घालून नोंदी वाचत होती.

एक ओळ पुन्हापुन्हा उमटत होती. साडेनऊपासून दर मिनिटाला कुणीतरी दार ठोठावत होतं आणि फायरवॉल नाकारत होती.

पत्ता तिला पाठ होता. दादाच्या घरचा.

दादा इथेच, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. आजारपणात घरून काम करता यावं म्हणून आपल्या घरच्या पत्त्याला आत घेणारा नियम त्यानेच जुन्या पेटीत लिहिला होता. बिनमालकाचं दार उघडं ठेवायचं नाही, हेही त्यानेच शिकवलेलं. त्याला जाऊन चार महिने झाले. नियम नव्या यंत्रात आणताना तिने तेवढा वगळला, त्या नियमाने किती वेळा कुणी आत आलं, तो वापराचा आकडासुद्धा न बघता. माणूसच नाही, तर येणार कोण?

फोन वाजला. वहिनीचा. जेवलीस का, झोप होते का, असं विचारून झाल्यावर वहिनी हळूच म्हणाली,

"अगं, ह्यांच्या टेबलावरची ती ऑफिसला जोडणारी डबी. आज दिवा लालच आहे."

"तू ती रोज लावतेस?"

"साडेनऊला. हिरवा झाला की म्हणायचे ना, पोचलो बाई ऑफिसात. पाच पावलांवर ऑफिस, तरी रोज उशीर." ती किंचित हसली. "सहाला बंद करते. घरी येतात मग."

तिने पडद्यावरची ती नाकारलेली ओळ पुन्हा वाचली.

"तूच बंद केलंस का गं?"

तिच्याने खोटं बोलवेना. "हो, वहिनी."

पलीकडे नळ ठिबकत होता. तो थांबला.

"असू दे. आज सुट्टी म्हणायची त्यांची."

दुसऱ्या दिवशी सव्वानऊलाच तिने तो नियम पुन्हा घातला. मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि बघत बसली.

साडेनऊ झाले. दहा झाले. नियमापुढचा वापराचा आकडा शून्यच राहिला. दादाच्या घरून आज कुणी दार ठोठावलंच नव्हतं.