खिरीची दुसरी वाटी

श्यामकांत देवधरने दोघांचं जेवण मागवलं होतं आणि दुसरा माणूस येणारच अशी त्याची पक्की खात्री होती. इथेच त्याचं चुकलं.

१९५८ सालचा नोव्हेंबर. हॅम्बर्गमध्ये नेहमीप्रमाणे पावसाची पिरपिर चालू होती आणि संग्रहालयाच्या तळमजल्यावरचा फ्रेंच बिस्त्रो ओल्या कोटांनी भरून गेला होता. तपकिरी बाकं, भिंतींवर आरसे, टेबलांवर पांढरा कागद अंथरलेला. वरच्या चित्रांतलं श्यामकांतला ओ की ठो कळत नसे. तो आला होता खिरीसाठी. बाहेरच्या फळ्यावर दर गुरुवारी दुधातला भात लिहिलेला असे. तसा भात युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे खानावळीतही मिळे, पण तो उलथन्याने कापावा असा. इथला पातळ, मऊ, थेट घरच्या श्राद्धाच्या खिरीसारखा.

आज आईचं वर्षश्राद्ध होतं. ती गेल्याची तार आली तेव्हा बोटीने पोचायलाच तीन आठवडे लागले असते, म्हणून तो गेलाच नव्हता. वाईला विनयदादा सगळं यथासांग करणार होता. स्नेहलतावहिनींनी लिहिलं होतं, "भावजी, तुम्ही तिथे कुणाला तरी पोटभर जेवू घाला. सासूबाईंना पोचेल." आईसाठी करण्यासारखं एवढं एकच त्याच्या हातात उरलं होतं.

घरमालकीण खोलीत चहासुद्धा करू देत नसे, तिथे श्राद्धाचा स्वयंपाक कुठून होणार? मग त्याने प्रयोगशाळेतल्या क्रूजेला सांगितलं, "गुरुवारी माझ्याकडून जेवायला चल."

"नाइन, डांके." नको, धन्यवाद. "गुरुवारी मला वेळ नाही."

"असं कसं? यायचंच."

क्रूजे नुसता हसला. श्यामकांत खूश झाला. आपल्याकडे पहिल्याच बोलावण्याला 'येतो' म्हणणारा माणूस हावरट ठरतो. भला माणूस आधी दोनदा 'नको' म्हणतो आणि मग वेळेवर हजर होतो. याच हिशेबाने गडी निर्धास्त राहिला.

बटाट्याचे काप दुधात घालून भट्टीत भाजलेला पदार्थ त्याने कांदा-लसणाशिवाय मागितला, तेव्हा वेटरने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने चूलच विझवायला सांगितली होती. तरी दोन ताटं आली, खिरीच्या दोन वाट्या आल्या. पाहुण्याआधी यजमानाने जेवायचं नसतं, त्यामुळे सकाळपासून श्यामकांतच्या पोटात काही नव्हतं. ताटांमधून वाफ निघत होती, मग तीही थांबली. दार उघडलं की तो मान वर करी. दर वेळी कुणीतरी दुसरंच असे.

कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. क्रूजे 'नाही' म्हणाला होता, म्हणजे नाहीच म्हणाला होता. समोरच्या आरशात त्याला सगळी खोली जेवताना दिसत होती, तो एक सोडून. त्याला फार एकटं वाटलं. या गावात दोन वर्षं काढून जेवायला बोलवावं असा एकच माणूस त्याने जोडला होता.

"इथे जागा आहे का?"

एक म्हातारी बाई समोरच्या खुर्चीला हात लावून उभी होती. इकडे अनोळखी माणसं बेधडक एका टेबलाशी बसतात आणि चकार शब्द न बोलता उठून जातात. ती बसली आणि तिने फक्त कॉफी मागवली. श्यामकांतने दुसरं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"हे तुम्ही घ्याल का?"

"नाइन, डांके."

ओठांवर आलेला आग्रह त्याने गिळला. आजच्या आज तीच चूक दुसऱ्यांदा करायची त्याची हिंमत नव्हती. त्याने ताट ओढून घेतलं आणि खाली मान घालून बसला. बाईने कॉफी अर्धी केली, त्याच्याकडे पाहिलं, मग दोन्ही भरलेल्या ताटांकडे पाहिलं.

"हे कुणासाठी आहे?"

"आईसाठी." 'गेली' हा शब्द त्याला अजून कुठल्याच भाषेत उच्चारता येत नव्हता. "आज कुणीतरी माझ्याकडे जेवलं, तर तिला बरं वाटेल. आमच्यात तशी रीत आहे."

"लांब असते आई?"

"खूप लांब."

बाईने हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि ताट आपल्याकडे घेतलं. युद्धानंतरची उपासमार पाहिलेल्या माणसासारखी ती जेवली, गार झालेलं अन्न, सावकाश, पावाने ताट पुसून. मग तिने खीर संपवली. श्यामकांतने आपलीही वाटी पुढे केली.

"आणखी?"

"नाइन," पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "अगदी तृप्त झाले."

श्राद्धाला जेवणाऱ्याच्या तोंडून शेवटी ऐकायचं असतं ते हेच.

कॉफीचे पैसे तिने स्वतःच दिले आणि कोट चढवला. "आईला पत्र लिहाल तेव्हा माझा नमस्कार सांगा. म्हणावं, पोट भरलं."

तो उठून उभा राहिला. "सांगतो."

ती गेली. तिचं नावही विचारायचं राहून गेलं. श्यामकांतने आपली वाटी जवळ घेतली. खिरीवर साय धरली होती.

"आई," तो हळूच म्हणाला, "जेवली गं. पोट भरलं म्हणाली."

मग रडत रडतच त्याने खीर संपवली. बिस्त्रो गच्च भरलेला होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.