पाऊण काडतुसाचा बार

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे आणि आता माझ्याकडून कुणाला भय नाही. माझा शिसवी दस्ता जैनुद्दीन मिस्त्रींनी घडवला. ‘हिला जपा, ही दगा देणार नाही,’ असं सांगून त्यांनी मला दहिवडीजवळच्या आकारामच्या हवाली केलं. तो फौजेतून पेन्शनीत आलेला, फार टापटिपीचा माणूस.

बहात्तर साली माण तालुका पार करपला. आकारामची बायको हरणाबाई, तिची चाळीस मेंढरं. दुष्काळानं आणि लांडग्यानं मिळून अकरावर आणली. दर दोन-तीन दिवसांनी उजाडता उजाडता लांडगा यायचा. ही अकरा गेली की घर सोडून परागंदा व्हायचं, एवढंच उरलं होतं.

परवान्यावर दहा बारांपुरती दारू मिळाली. आकारामनं बाभळीला फुटकं घमेलं टांगलं, साठ पावलं मोजली आणि रिकाम्या काडतुसानं दारू मापू लागला. काडतूस भरून घातली, तर गोळी वीतभर वर गेली. निम्मी घातली, तर खाली मातीत. प्रत्येक बारानंतर तो माझी नळी ओल्या चिंधीनं पुसायचा, मग कोरड्या चिंधीनं. हरणाबाई वैतागली.

“आवं, सगळी दारू घमेल्यालाच पाजणार व्हय?”

त्याचं म्हणणं असं, की बार चुकला तर लांडगा शहाणा होतो. शेवटी पाऊण काडतुसावर माझा नेम बसला. लागोपाठ तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत! त्यानं काडतुसावर सुरीनं खूण केली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण आता दारू एकाच बाराची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आकाराम दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. हरणाबाईनं मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. घरात पळीभर करडईचं तेल होतं, कालवणालासुद्धा तिनं ते काढलं नव्हतं. ते सगळं तिनं माझ्या नळीत ओतलं.

“तुला तेल पाजलंय बाई. आता माझी मेंढरं राख.”

अहो, नळीत तेल म्हणजे दारूचं मरण! मी आतल्या आत तडफडले. पण बोलणार कशी?

पहाटे मेंढरं ओरडली. आकारामनं खुणेपर्यंत दारू मापली, गोळी ठासली. नळी आपण कोरडी करून ठेवलीय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लांडगा बरोबर साठ पावलांवर, अगदी आडवा उभा. घोडा पडला, दारू पेटवणारी टोपी फुटली आणि माझ्या तोंडातून नुसता धूर आला. लांडग्यानं गाभण मेंढी ओढत नेली.

आकारामनं ठासायचा गज आत घालून बाहेर काढला. तो तेलानं चकाकत होता. त्यानं गजाकडे पाहिलं, मग दारात उभ्या बायकोकडे.

“दारूच सादळली हुती,” तो म्हणाला.

उरलेली दहा मेंढरं त्याच आठवड्यात विकली. मग दोघं सांगलीकडे ऊस तोडायला गेली, मला गोधडीत गुंडाळून.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव लावाल, त्याला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. आणि कुणाची चूक झाली, तर मायेनं, पण त्याला ती सांगा. हरणाबाईला कुणी सांगितलंच नाही. आपलं तेल कमी पडलं, असं तिच्या मनानं घेतलं आहे. आता दर खंडेनवमीला ती माझ्या नळीत वाटीभर तेल ओतते आणि रडते.